रापी, रियाज आणि बाबा

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. लॅपटॉप बंद. टीममधली अर्धी जनता एफसी रोडला, उरलेली अर्धी ट्रॅफिकमध्ये. आणि मी? मी डायनिंग टेबलवर संगमरवराची लादी मांडून, तिच्यावर चामड्याचा तुकडा ठेवून, हातात एक विचित्र दिसणारी सुरी धरून गांडुळं काढत बसलेय.

काढायच्या असतात खरं तर नाजूक, वळणदार, पाकळीच्या देठातून उमलत जाणाऱ्या रेघा. निघतात गांडुळं. जाडी, बुटकी, मधेच दचकलेली गांडुळं. रूममेट येता-जाता बघते आणि विचारते, ‘आज किती पकडलीस?’

या कॉलममधून मी तुम्हाला आजवर योगापासून सालसापर्यंत काय काय ट्राय करायला लावलंय. त्यातलं बरंचसं मी स्वतः महिन्याभरात सोडलंय, हे तुम्हाला एव्हाना माहीत झालंच असेल. पण हे प्रकरण सुटत नाहीये. का सुटत नाहीये, हे कळायला मला पुण्याहून पार सानगडीला जावं लागलं. तीच गोष्ट आज सांगते.

कंट्रोल-झेड नसलेली दुनिया

सुरुवात अगदी टिपिकल. गेल्या पावसाळ्यात ऑफिसातलं एक मोठं प्रोजेक्ट संपलं आणि एका रविवारी लक्षात आलं, की स्क्रीन बंद केली तर आपल्या हातांना काही म्हणजे काही येत नाही. मग इंटरनेटवर शोधाशोध, आणि दोन दिवसांचं लेदर कार्व्हिंगचं वर्कशॉप. फी साडेतीन हजार, चहा-सामोसा इन्क्लुडेड.

तिथे पहिल्यांदा हातात आली स्विव्हल नाइफ. आपण तिला फिरती सुरी म्हणू. ही पेन्सिलीसारखी धरायची नाही. हिच्या डोक्यावर एक खोबण असते, तिच्यात तर्जनी टेकवायची. दाब द्यायचा तो तर्जनीने. अंगठा आणि मधलं बोट मधली नळी फिरवतात, म्हणजे वळण त्यांच्याकडे. अनामिका आणि करंगळी चामड्यावर टेकलेल्या, तोल त्यांच्याकडे. पातं छिन्नीसारखं सपाट, पण सुरी थोडी पुढे कलती धरायची आणि कापायचं ते फक्त पात्याच्या एका कोपऱ्याने, आपल्या दिशेला ओढत. पाच बोटांना पाच कामं. आमच्या टीममध्येसुद्धा कामाची इतकी नीट वाटणी नसते!

आधी या सुरीने नक्षीच्या बाहेरच्या रेषा कापायच्या, चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत खोल. मग ठसे ठोकून फुलापानांना उठाव आणायचा. आणि हे सगळं झालं, की सगळ्यात शेवटी येतात शोभेच्या रेघा. पाकळीच्या पोटात, पानाच्या शिरेलगत, देठाच्या वळणावर. सुरुवातीला खोल आणि रुंद, वळता वळता उथळ, आणि शेवटी केसाएवढी बारीक होऊन चामड्यात विरून जाणारी रेघ. अमेरिकेत वायोमिंगमधल्या शेरिडन गावात डॉन किंग नावाच्या खोगीर बनवणाऱ्या कारागिराने गेल्या शतकात एकमेकांत गुंफलेल्या फुलांची एक शैली गाजवली. आज जगभर ती ‘शेरिडन’ म्हणूनच ओळखली जाते. त्या फुलांमध्ये जी जान दिसते ना, ती बरीचशी या शेवटच्या रेघांची.

आणि गोची नेमकी इथेच आहे. तीन तास राबून फूल उभं केलेलं असतं. शोभेची रेघ एका सेकंदाची. ती चुकली की फूल गेलं. चामड्यात एकदा शिरलेलं पातं परत घेता येत नाही. कंट्रोल-झेड नाही, ‘सेव्ह अॅज’ नाही, ‘व्हर्जन टू’ नाही. म्हणून रियाज. टाकाऊ तुकड्यांवर, रोज, शंभर-शंभर रेघा. अर्धचंद्र, उलटा अर्धचंद्र, नागमोडी. लहानपणी मराठीच्या बाईंनी कित्ता गिरवायला लावला होता, त्यानंतर एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा गिरवते आहे ती आत्ता. आणि तेव्हाचंच दुखणं आत्ताही: वेलांटी. माझी वेलांटी तेव्हाही डोक्यावरून आपटायची, आत्ताही आपटते.

‘आडनाव टाकू नको’

महिन्याभराने पहिली बरी वस्तू झाली. एक की-चेन. उत्साहात नागपूरला फोन लावला. आईला फोटो पाठवला, आणि म्हटलं इन्स्टाग्रामवर पेज काढतेय, नाव ठरलंय: आपलं आडनाव आणि पुढे ‘लेदर’.

आई ‘छान आहे हो’ म्हणाली. मग फोन बाबांकडे गेला. बाबा रिटायर्ड हायस्कूल मास्तर. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारे. त्या दिवशी मात्र बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज ऐकू आला. मग म्हणाले, ‘कर बेटा, हौस आहे तर कर. आडनाव टाकू नको.’

आणि फोन पुन्हा आईकडे.

आता थोडं मागचं सांगते. आम्ही मूळचे सानगडीचे. तालुका साकोली, जिल्हा भंडारा. माझे आजोबा गावचे चर्मकार. जोडे, चपला, मोटेची दुरुस्ती, बैलांचे पट्टे, जे म्हणाल ते. मी जन्मले नागपुरात, वाढले नागपुरात, आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांची. आमच्या घरात चामडं हा विषय कधी निघत नसे. कोणी बंदी घातली होती असं नाही, पण जसं काही घरांत एखाद्या काकांचं नाव निघत नाही, तसं. शाळेत ‘वडील काय करतात’ याचं उत्तर माझ्याकडे होतं. ‘आजोबा काय करायचे’ हे कधी कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी ‘शेती’ म्हटलं असतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं असतं हे खरं.

साडेतीन हजार भरून मी जे ‘डिस्कव्हर’ केलं, ते माझ्याच घरातून एक पिढी आधी हद्दपार झालं होतं. आणि बाबांचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मंडईचे दिवस

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडार, रात्रभर नाटक. झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन दिवाळीला सुरू होतो तो होळीपर्यंत, आणि देसाईगंज-वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं माहेरघर. पुण्या-मुंबईच्या प्रयोगांची गणितं वेगळी. इथे रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं आणि पब्लिक हलत नाही. या वर्षी मी ठरवून तेव्हाच सुट्टी टाकली. नागपूरहून आई-बाबांना घेतलं, रायपूर हायवेने साकोली, तिथून आत वळून सानगडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली, मधेच तलाव, आणि मग गाव. गावाला सहानगड नावाच्या जुन्या किल्ल्याची सोबत आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच गावाला असा एक पडका किल्ला असतो.

उतरलो आत्याकडे. बॅगेत सुरी, लादी आणि तुकडे होतेच. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पेंगत होते. ओसरीत लादी मांडली आणि सुरू केलं. अर्धचंद्र, उलटा अर्धचंद्र. बाबा बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होते. माझ्याकडे पाठ नव्हती, पण तोंडही नव्हतं. पेपर चांगला उंच धरलेला.

दहा मिनिटं गेली असतील. माझी गांडुळं नेहमीप्रमाणे वळवळत होती. पेपराच्या मागून आवाज आला.

‘कोरडं आहे.’

‘काय?’

‘चामडं. कोरडं आहे. आवाज येतो आहे.’

पेपर खाली आला नाही. मी सुरी उचलली, पुन्हा ओढली, आणि पहिल्यांदा कान दिला. खरंच येत होता. किर्र, किर्र. इतका बारीक, की इतके दिवस मला तो सुरीचाच वाटत होता.

‘मग पाणी लावू?’

‘आता लावून काय होतं? वरून ओलं, आतून कोरडं. ते रात्री भिजवावं लागते.’

एवढं बोलून बाबांनी पान उलटलं.

वर्कशॉपमध्ये हे शिकवलं होतं, बरं का. चामडं आधी नीट ओलवून, बांधून ठेवून, ओल आतपर्यंत मुरू द्यायची. मी स्पंज फिरवून मोकळी व्हायचे, कारण वीकेण्डला कोणाला वेळ आहे! आत्या हे सगळं दारातून ऐकत होती. ती हसली. ‘तुज्या आज्यानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवे रातभर. सकाळी गालाले लावून पाहे. थंड लागलं पायजे, पानी नाही लागलं पायजे.’

आणि मग ती आत गेली ती एक गाठोडं घेऊन आली.

एक पट्टा, सहा घुंगरं

गाठोड्यात रापी होती. रुंद पात्याची, लाकडी मूठ काळी पडलेली, एका बाजूला अंगठ्याच्या आकाराची खोलगट झीज. एक आरी. आणि एक पट्टा.

आमच्याकडे शंकरपटाचं वेड किती, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. बैलजोड्यांची शर्यत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा इकडे सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पुढे राज्याने कायदा केला आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. तर पटाच्या बैलासाठी, पोळ्यासाठी आजोबा असे पट्टे करायचे. सहा घुंगरं, त्यांतली दोन गायब. आणि घुंगरांच्या मधे-मधे, चामड्यात कोरलेल्या वेली.

मी तो पट्टा उजेडाकडे तिरपा धरला आणि गप्प झाले. प्रत्येक पानाच्या पोटात तीन-तीन रेघा. देठाशी खोल, वळणावर उथळ, टोकाला विरलेल्या. तिन्हींचा रोख एकाच बिंदूकडे, आणि एकही दुसरीला शिवलेली नाही. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती बसून रेघा काळ्या झाल्या होत्या, त्यामुळे अजूनच उठून दिसत होत्या. स्विव्हल नाइफ नाही, शेरिडन माहीत नाही. रापीच्या कोपऱ्याने!

‘ह्या रेघा आधी काढायचे की शेवटी?’ मी विचारलं.

‘शेवटी,’ बाबा म्हणाले. पेपर कधी खाली आला होता, माझ्या लक्षातच आलं नाही. ‘सगळं शिवून, घुंगरं लावून झाली की मग. मी कंदील धरायचो. श्वाससुद्धा घेऊ देत नव्हते. एक पान झालं की म्हणायचे, आता घे.’

‘तुम्हाला शिकवलं नाही?’

‘मी नाही म्हटलं.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. जोडे तयार झाले की ते पोचवायचं काम बाबांचं. आठ-नऊ वर्षांचे असतील. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, जोडे खाली ठेवायचे, मागे सरकायचं. मग घरातलं कोणी येऊन पाय घालून बघायचं आणि पैसे वरून टाकायचं. हातात नाही. एकदा असाच एक पट्टा न्यायचा होता. आजोबांनी पाच रात्री बसून केलेला. घेणाऱ्याने बैलाच्या गळ्यात बांधून बघितला, जमलेल्या माणसांना दाखवला, सगळे वा-वा म्हणाले. बैलाला वा-वा म्हणाले. आणि नाणी मातीत टाकली. ‘ती वेचताना मी ठरवलं,’ बाबा म्हणाले, ‘की ही सुरी आपण धरायची नाही.’

आजोबांना राग आला नाही? मी विचारलं. बाबा म्हणाले, नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. पडले, पण त्या वेळी आजोबा चालत जाऊन सभा ऐकून आले होते. मत कोणाला दिलं, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पण पोरगा झाला तर त्याला शाळेत घालायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. म्हणून बाबा ‘नाही’ म्हणाले, तेव्हा त्यांनी फक्त कंदील बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘मग अभ्यास कर.’

म्हणजे आमच्या घरातली कला मेली नव्हती. ती ठरवून ठेवून दिली होती, पोत्यात गुंडाळून.

वा-वा कोणाला?

परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात हेच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्स कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालल्या, आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं. मग जो गदारोळ झाला तो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. शेवटी कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय टॅग आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. भांडायला एक नाव होतं, म्हणून भांडता आलं.

सानगडीच्या पट्ट्याला नाव काय? काहीच नाही. आजोबांच्या पट्ट्यावर मागे-पुढे कुठे सही नाही. तशी ती कोणी करतच नसे. मालकाचं नाव बैलाला मिळायचं आणि बैलाचं नाव पटात गाजायचं. चामडं कापणाऱ्या हाताचा सन्मान आपल्याकडे होतच नाही असं मात्र नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजात चामड्याच्या छायाबाहुल्या कोरून, पडद्यामागे दिवा लावून खेळवतात. ती परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपल्या आयांच्या पिढीने कौतुकाने मिरवलेल्या शांतिनिकेतनी पर्स आठवतात? त्या उठावकामाची सुरुवात रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनमधली. तिथे चामडं ‘कला’ म्हणून वर्गात शिकवलं गेलं. माझ्या आजोबांचं चामडं ‘काम’ होतं. चामडं तेच. फरक फक्त अंगणाच्या कोणत्या बाजूला उभं राहून ते कापलं, याचा.

आणि मी? मी आता अंगणाच्या आतल्या बाजूला, एसी वर्कशॉपमध्ये, सामोसा खाऊन तेच शिकले आणि लोकांनी माझ्याच हातात पैसे दिले. की-चेनचे तीनशे, युपीआयने. हे मला मिळालं, कारण बाबा ‘नाही’ म्हणाले होते.

असो. इतकं वाचून तुम्हालाही सुरी धरावीशी वाटत असेल, तर हे घ्या. माझ्या दोनेकशे गांडुळांची आणि सानगडीच्या एका दुपारची कमाई.

घरी ट्राय करायचंय?

चामडं: कार्व्हिंगला झाडाच्या सालीवर कमावलेलंच चामडं लागतं. बाभळीची साल, हिरडा वगैरे. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमवर कमावलेलं, मऊ. त्यावर रेघ टिकत नाही. दुकानात ‘व्हेज-टॅन’ मागा. शिकायला तीन मिलिमीटरच्या आसपासची जाडी बरी, आणि कटपीस घ्या. अख्खं कातडं घेऊन हात थरथरवू नका.

ओल: आदल्या रात्री ओलं करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. सकाळी काढून थोडं वारं लागू द्या. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला गार लागलं की तयार. सुरी किरकिरली तर कोरडं. रेघ मिटल्यासारखी झाली तर जास्त ओलं.

धार: दर पाच-दहा मिनिटांनी पातं चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून ओढा. सुरी रुतत असेल तर नव्वद टक्के वेळा दोष हाताचा नसतो, धारेचा असतो. (उरलेल्या दहा टक्क्यांत मी येते.)

सुरी: पुढे कलती चालते, बाजूला कलती चालत नाही. आडवी कलली की रेघेची एक कड खालून पोखरली जाते आणि पापुद्र्यासारखी उचलते.

रेघ: सुरुवातीला दाब, मग वळत वळत हात हलका, आणि शेवटी सुरी चालू असतानाच उचला. थांबून उचललीत की टोकाला ठिपका पडतो. गांडुळाचं डोकं म्हणतात ते हेच. विमान कसं धावपट्टीवर पळता पळता उचलतं, तसं.

क्रम: आधी मधली लांब रेघ, मग तिच्या दोन बाजूंच्या. सगळ्यांचा रोख एकाच ठिकाणी. एकमेकींना ओलांडायचं नाही.

रियाज: आधी कागदावर पेन्सिलीने. हाताला वळण कळलं की मग चामडं. रोज वीस मिनिटं, रविवारी एकदम चार तास नव्हे. मान दुखते, आणि सोमवारी बॉसला कारण सांगता येत नाही.

आणि शेवटी वेलांटी

परवाचा रविवार. चामडं शनिवारी रात्रीच भिजवलं होतं. सकाळी गालाला लावून बघितलं. गार. नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. आई किचनमध्ये, बाबा खुर्चीत. मी फोन डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे त्यांना माझे हात दिसतील.

बाबा म्हणाले, ‘दिसायला नको. फोन खाली ठेव, चामड्याजवळ.’

ठेवला. कॅमेऱ्यात त्यांना फक्त छत दिसत असणार. मी सुरी धरली. एक रेघ. दुसरी. तिसरी. काहीच आवाज नाही. पलीकडून पंख्याचा आवाज आणि आईच्या फोडणीचा.

‘हं,’ बाबा म्हणाले.

एवढंच. पण ज्यांनी मास्तरांच्या घरात दिवस काढलेत, त्यांना ‘हं’ची किंमत माहीत आहे. मी आणखी दहा-बारा रेघा ओढल्या. ते ऐकत राहिले. फोन ठेवायच्या आधी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्यासाठी एक पट्टा करतेय, आजोबांच्या वेलीवरून. तिच्या घरी भिंतीवर टांगायला. मागच्या बाजूला काय टाकू? तारीख?

बराच वेळ पंखा.

‘तारीख टाक,’ बाबा म्हणाले. ‘आणि आडनाव कोरशील, तर वेलांटी नीट काढ. दुसरीपासून चुकते तुझी.’

या वीकेण्डला मी कुठेही येणार नाहीये. एफसी रोडवाल्यांनी माझी वाट बघू नये. कटपीसांवर दोनशे वेलांट्या काढायच्या आहेत.